तांडेलकाकांचा लॅपटॉप

मंगळवार, संध्याकाळ. अंधेरी, ऑफिसातच.

कपाटात बंद पडलेला लॅपटॉप भरतीची वेळ कशी विचारतो? मला नाही सांगता येत.

ऑफिसबाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवर कुठली साइट उघडू द्यायची, ते आमचा फिल्टर ठरवतो. त्याची नवी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तसले लॅपटॉप आज कंपनीच्या नेटवर्कवरून कायमचे तोडायचे होते. शेवटचा उरला सेल्समधल्या तांडेलकाकांचा. काका गेले, त्याला महिना होऊन गेला. तरी रोज संध्याकाळी त्यांच्या लॅपटॉपकडून माझ्या स्क्रीनवर तीच विचारणा येते. खारदांड्याच्या किनाऱ्याला भरती कधी?

काकूंना फोन केला. "कपाटात हाय गं तो. चार्जर तर तुमच्याच माणसानं नेला."

अंगावर काटा आला. आई म्हणेल, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि भुताला भिते. पण फिल्टरशिवाय लॅपटॉप जोडलेला ठेवणं चूक, आणि काकूंपासून लपवून तोडणं त्याहून चूक. भरतीचंसुद्धा सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, "तोड बाय. पण आजची भरती कळू दे त्यांना."

मी थांबले. विचारणा आली. उत्तर पोचू दिलं, आणि मग लॅपटॉप तोडला.