सांडव्यातली माती

आप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि तुम्हाला वाचता तर येतच नव्हतं. तरी लिहायला बसलोय, कारण हे तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात अजून नाही.

उताराच्या रानात मातीचे बांध घालणाऱ्यांना सरकार मदत देणार असं कळलं, तेव्हा गावात पहिला होकार तुमचा. बाकीचे म्हणायचे, आज बांध घालतील, उद्या रान घेतील. घरोघरी जाऊन तुम्ही त्यांची समजूत काढलीत. सरकारी साहेबाची अट एकच होती: बांधाच्या कडेला दगडी सांडवा ठेवायचा, म्हणजे जादा पाणी निघून जाईल. पावसाळ्यानंतर तपासणी, आणि मगच मदत. दगड तुम्ही स्वतः बसवलेत. मी पाट्या टाकत होतो, लग्न झालेला चांगला वीस वर्षांचा बाप्या, आणि आतून धुमसत होतो. आपल्या रानात पाऊस येतो कधी तरी, आणि आला तर त्याला वाट करून द्यायची? मला ते पटतच नव्हतं.

उत्तरा नक्षत्राच्या पावसात बांधाआड पाणी उभं राहिलं. तुम्ही दोन दिवस आत्याकडं गेला होता. सांडव्यावरून पाणी चाललंय, मी बघतोय, आणि मला बघवत नाही. खोऱ्यानं काळी माती ओढली, गवताची ढेकळं दाबली, सांडवा बुजवला. पाणी थांबलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धो धो लागला आणि बांध मधोमध फुटला. खाली चुलत्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. बहुतेक मेंढरं वाचली. मेंढपाळाची बायको डालग्यातल्या कोकरांसाठी मागं फिरली, ती संध्याकाळी ओढ्याच्या वळणावर बाभळीत अडकलेली सापडली.

परत आलात ते थेट बांधावर. खाली वाकून सांडवा बघितलात.

"ही माती कुनी टाकली रं?"

"पान्यासंगं आली आसंल."

पाण्याबरोबर आलेल्या मातीवर खोऱ्याचे वळ नसतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नव्हती. बांध फुटल्याचं कळून चौथ्या दिवशी साहेब आला, सगळ्या गावासमोर त्यानं तोच प्रश्न केला. मेंढपाळ एका बाजूला उकिडवा बसला होता.

"म्याच टाकली, सायेब," तुम्ही म्हणालात. "पानी वाया चाललं, बघवंना."

साहेबानं आख्ख्या गावाची मदत बंद केली. ज्यांना तुम्ही राजी केलं होतं त्यांनीच तुमच्याशी बोलणं टाकलं. त्यानंतर दोन हिवाळे काढलेत, पण चावडीवर कधी बसला नाहीत, आणि मेंढपाळ वाटेत दिसला की मान खाली घालून उभे राहायचात. माझ्या वाटणीची मान. मला तेव्हा लाज वाटत होती, आजही वाटते.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की भीतीनं गप्प बसलो. ते खरं नाही. साहेब तुम्हाला बोलत होता तेव्हा माझं लक्ष बांधाच्या वरच्या पट्टीकडं होतं. तिथं ओल चांगली मुरली होती, आणि हे सगळं एकदाचं आटोपावं, म्हणजे ज्वारी पेरता येईल, असं मला वाटत होतं.