शुभांगीच्या मार्कांचा कागद

३ नोव्हें., सोम.
सेडेशन ट्रेनिंगची नवी बॅच. एंडोस्कोपीच्या पेशंटला अर्धवट गुंगी द्यायची नि त्याच्यावर नजर ठेवायची, हे नर्सेसना मी शिकवायचं. यादीत चौथं नाव शुभांगीचं. यादी तीनदा वाचली.

दोन वर्षांपूर्वी हिनेच केस सुरू व्हायच्या आधी दर पाच मिनिटांचे आकडे चार्टवर भरून ठेवले होते. पेशंट आजोबा निळे पडले, चार्टवर ऑक्सिजन ९८. चौकशीत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चार्ट ताईंनी भरला." आजोबा वाचले. मेमो मला, इनचार्जपणही गेलं. आता माझी सही नसेल तर हिला युनिटमध्ये कायम करणार नाहीत. ये बाई, ये.

५ नोव्हें., बुध.
सगळ्यांसमोर उभं केलं. पेशंट हाकेला ओ देईना तर पहिलं काय? बरोबर सांगितलं. हनुवटी उचलून दाखव म्हटलं, तीही नीट उचलली. मग आवाज लहान म्हणून झापलं. "हो ताई." हे 'हो ताई' डोक्यात जातं माझ्या.

११ नोव्हें., मंगळ.
डबा खाताना शेजारी येऊन बसली. "ताई, त्या चार्टचं..." एवढंच बोलू दिलं. डबा बंद करून उठले. माफी मागून मोकळं व्हायचंय हिला. मी दोन वर्षं ज्युनिअर पोरींच्या हाताखाली काढली, त्याचं काय?

१८ नोव्हें., मंगळ.
पेशंट साकीनाक्याचा वर्कशॉपवाला, जाड मान, ऑक्सिजन लावलेला. मॉनिटरवर ९७, सगळं छान. शु.चा हात मात्र त्याच्या छातीवर. "सर, थांबा. श्वास घेत नाहीयेत." हनुवटी उचलली, नाव घेऊन हाका मारल्या, तेव्हा कुठे दचकून श्वास घेतला. आकडा त्यानंतर घसरला, ऑक्सिजन लावलेला असला की तो उशिराच घसरतो. डॉक्टर सरांनी तिचं कौतुक केलं. मी मॉनिटरकडेच बघत होते, हे कोणाला कळलं नाही. तिला कळलं असणार. जळफळाट झाला नुसता.

२७ नोव्हें., गुरु.
उद्या प्रॅक्टिकल. सकाळी चहा घेताना मार्कांचा कागद काढला. श्वासावर लक्ष: नापास. नोंदी: नापास. शेरा: 'पेशंटकडे दुर्लक्ष.' हात सरसर चालला. सही केली, तारीख उद्याची टाकली.

मग दिसलं काय केलं ते. केस व्हायच्या आधीच कागद भरला. तिने केलं होतं तेच. फाडायला घेतला, पण फाडला नाही. पर्समध्ये ठेवला.

२८ नोव्हें., शुक्र.
प्रॅक्टिकल झालं. एक चूक काढता आली नाही. प्रत्येक नोंद घड्याळ बघून, त्या त्या वेळी. कोऱ्या कागदावर खरे मार्क भरले, ४६/५०. सही तेवढी बाकी.

मेट्रनने कागद मागितला. दोन्ही पर्समध्ये होते. सोमवारी देते म्हटलं.

दारात शुभांगी उभी. "ताई, पास ना मी?"

"सोमवारी कळेल."

तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.