ओढ्यातून ओरडणारे बाबा

तीर्थरूप बाबा,

मागच्या महिन्यात पौडला माझ्या गाडीची काच फोडून चोरानं बारा पेट्या नेल्या. भाताच्या खाचरांतून रानडुकरांना हुसकावणाऱ्या या पेट्या मी घरीच बनवते. जनावर जवळ आलं की पेटी माणसाच्या आवाजात ओरडते. ही पहिली मोठी ऑर्डर होती. ती बुडाली असती तर मला नोकरीवर परत जावं लागलं असतं.

आवाज तुमचा आहे. मी नोकरी सोडल्याचं कळवलं तो कॉल फोननं आपोआप रेकॉर्ड केला होता. "अक्कल गहाण टाकलीस का? आत्ताच्या आत्ता मागं फिर." मी आणखी सहा आवाज तपासले, पण डुकरं फक्त तुम्हाला घाबरली.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण सारजाबाईंचा फोन आला; पेट्या तपासताना त्यांनी तुमचा आवाज भिंतीपलीकडून रोज ऐकलाय. "पोरी, तुजा बाप वढ्यात पडून वरडतुया. येईल त्याला मागं फिर म्हनतोय. दूधवाला खरंच फिरला की."

तपासणीसाठी मी पेट्या चालूच ठेवल्या होत्या. ओढ्याशी पेट्यांचं पोतं उघडताच तुमचा आवाज ऐकून चोर ते तिथंच टाकून पळाला असावा. बाराही मिळाल्या, ओल्या पण चालू. ऑर्डर वेळेत पोचली.

शेतकऱ्यांची तक्रार एकच आहे. डुकरं आता त्या वाक्याला सरावली, नवं हवं. म्हणून हे पत्र पाठवत नाही. माहीत असलं की तुम्ही जपून बोलाल. रविवारी फोन करून सांगेन की मी कायमची इथंच राहणार आहे. फक्त मध्ये खोकू नका. मागचा खोकला कापायला दोन तास लागले.

तुमची,
उत्कर्षा