दसऱ्याचा तो हार

मंगळवार, संध्याकाळ

आज इंग्रजीच्या क्लासमध्ये जागतिकीकरणावर बोलायचं होतं. मी बाबांचं साकीनाक्याचं वर्कशॉप सांगितलं. बाहेरून स्वस्त पार्ट आले, ऑर्डरी थांबल्या, लेथ मशीन भंगारात गेलं. एकदाही अडखळले नाही. मॅडम म्हणाल्या, "झकास उदाहरण दिलंस गं!"

उदाहरण? माझे बाबा?

दसऱ्याला बाबा त्या मशीनला झेंडूचा हार घालायचे, ते मात्र सांगितलंच नाही. का? शब्द तर सगळे येत होते. बाबांना त्यातलं काही कळलं नसतं, पण ऐकायला ते हवे होते.

मशीन गेलं त्या वर्षीही आईने सवयीने हार आणला. बाबा तो हातात घेऊन घरभर फिरले. शेवटी माझ्या इंग्रजीच्या पुस्तकाला घातला आणि म्हणाले, "हे बंद पडू देऊ नकोस."