डाव्या सीटवर कोण बसणार

उद्यमनगर, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २००३

चि. आकाराम भावजी यांना झुंबर वहिनीचा आशीर्वाद.

इकडं समदी खुशाल हाय. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय, बावड्याकडनं वारं आलं की मळीचा वास येतोय. मनाली बारावीला गेली. काकाला आपण आठवतो का, असं मधनंच विचारती.

तुम्ही कोइमतूरहून धाडलेली शर्यतीची गाडी पोचली. ख्वाजाभाईंनी आतला पिंजरा, गाडी उलटली तर माणसं वाचवणारा, वेल्डिंग करून दिला. म्हणाले, "वहिनी, दादा गेल्यापासनं आकारामचा एक फोन न्हाय, आणि आता एकदम गाडीच?" मी चहा दिला.

आता तुमच्या प्रश्नाचं. पेट्रोलची लाईन बुडाखालनं टाकायची का आतनं, असं विचारलंय. खालनं टाकली की खडी लागती, सायलेन्सरची धग लागती. ते आपण बघितलंय. आतनं टाकायची तर स्टीलची एकसलग नळी, आणि माणसं बसतात तिथं एकबी जोड नको. पंप आणि फिल्टर मागं, टाकीपाशी, पत्र्याच्या पल्याड. पंप बंद करायचं बटण दोघांच्या हाताला येईल असं. हे तुमच्या दादांनीच आपल्याला शिकवलं, नळीत वाळू भरून वाकवायची ती बी.

आणि तुम्ही लिहिताय काय? रबरी पाईप, जोड गिअरपाशी, फिल्टर ड्रायव्हरच्या मांडीला लागून, आणि बटण नको, वजन वाढतं. बटणाचं वजन किती हो भावजी? पेढ्याएवढं! आधी वाटलं, घाईत लिहिलं असंल. मग म्हटलं, आकाराम झोपेत बी लाईन चुकायचा न्हाय. मला येडी समजू नका. तुम्हाला सल्ला नकोय, तुम्हाला दादांच्या मागं जायचंय.

पुढचं लिहू का नको, असं झालंय. लिहितेच.

परवा सोमवार, उद्यमनगर बंद. दुपारी मी एकटीच शेडात नळी वाकवत बसले होते. बॅटरी टेबलावर, टाकीत थेंब न्हाय. तरी पंपाची घरघर ऐकू आली, पेट्रोलचा वास आला. वळून बघितलं तर तुमचे दादा गाडीत डाव्या बाजूला बसलेले. गाडीत अजून सीटच न्हवती, भावजी! खाली नुसता पत्रा. तरी सीटच्या उंचीवर बसलेले. अंगात गेले त्या दिवशीचाच शर्ट, पण धड, इस्त्रीचा. मी म्हटलं, "उठा की आता." उठले न्हाईत. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. ड्रायव्हरच्या बाजूला बघत बसलेले, गिऱ्हाईक यायची वाट बघत बसायचे तसे. नवरा असला म्हणून काय झालं, लई भ्याले मी. वाळूचा डबा तिथंच टाकून बाहेर आले.

आपल्या वर्कशॉपचा नियम तुम्हाला सांगायला नको. ज्यानं लाईन टाकली, त्यानं पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. म्हणून तर ते पन्हाळ्याच्या चढाला तुमच्या शेजारी होते. दगड उडाला, लाईन फुटली, गाडीनं पेट घेतला. तुमचं दार उघडलं, त्यांचं उघडलं न्हाय. तुमचा काय दोष होता? पोलीस न्हाय म्हणाले, मी न्हाय म्हटलं, सासूबाई मरताना बी न्हाय म्हणाल्या. तुम्हीच तेवढे व्हय म्हणत बसलाय.

आता म्हणताय, लाईन मीच टाकीन, मीच चालवीन, शेजारी कोण नको. शेजारी ते बसलेत की! तिकडं ते वाट बघतायत, इकडं तुम्ही निघालाय. दोघा भावांनी मला न विचारता ठरवल्यागत झालंय. दोघांचा बी राग आलाय मला. रडू बी येतंय, पण आधी राग.

म्हणून लाईन मी टाकली. काल पुरी केली. एकसलग, आतनं, माझ्या हातानं. बटण बसवलं. ख्वाजाभाईंनी हवा भरून तपासली, कुठं फुसकन् सुद्धा झालं न्हाय. आल्यावर उपटायची असंल तर मला बाजूला सारून उपटा.

डावी सीट माझ्या मापाची बसवून घेतलीय. तिथं आता कुणाला बसायला जागा न्हाय. ख्वाजाभाई म्हणाले, "वहिनी, तुमचं वय काय, हे काय?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

मनालीला सांगितलंय, काकाबरोबर पन्हाळ्याला जाऊन येते. तिनं विचारलं, "दोघं जेवायला घरी येणार न्हवं?"

मी व्हय म्हटलंय. तुमच्या वतीनं बी.

तुमच्या शेजारी बसणारी,
झुंबर वहिनी