रेचा थांबवणारी

मिस्त्री, तुम्ही पहिल्या दिवशी मला "अक्का" म्हणालात, तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कुणी वयस्कर बाई उभी आहे का म्हणून. मी तुमच्या मुलीच्या वयाची, बेंबळीहून कामाला आलेली. वर निजामाचं राज्य होतं, पण धाराशिवच्या आमच्या जिनिंगात त्याहून कडक राज्य तुमच्या आधीच्या मिस्त्रीचं. संध्याकाळी फाटकाशी आम्हा बायकांना पदर झटकून दाखवावा लागे, रुई लपवली नाही ना म्हणून. तरी रुई जायचीच. चोरच समजतात म्हटल्यावर एकदोघींना ती हुशारी वाटायची. तुम्ही नळदुर्गाकडून आलात आणि ते झटकणं बंद केलंत. मग रुई जायचीही थांबली. पहारेकरी बिचारा उदास झाला, त्याला कामच उरलं नाही.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस घालायचो आम्ही, पण तो थांबवायच्या दांड्याला हात लावायची आम्हाला बंदी. तुम्ही म्हणालात, "अक्का, आवाज बदलला की दांडा वढायचा. मला हुडकत बसायचं न्हाय." तेव्हापासून मी रेचा ऐकायला लागले. घरी जात्यावर बसले तरी कान तसाच लागायचा.

आणि मग तो दिवस. मालक स्वतः उभे आहेत, बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्यात, आणि रेचा किरकिरतो. खडा गेला असं वाटून मी दांडा ओढते. उघडून बघतात तर आत काहीच नाही. मालक कडाडतात, "कुणाला इचारून थांबवलं?" नवरा तापानं अंथरुणाला खिळलेला, घर चालतं ते या कामावर, आणि ते आता गेलं. तेवढ्यात तुम्ही पुढं येता.

"माझ्या सांगण्यावरनं, मालक."

"पर झालं काय व्हतं?"

"काय बी न्हाय. तरी ती पुन्यांदा थांबवंल."

मालक पाय आपटत निघून गेले. तुम्ही माझी समजूतबिमजूत काढली नाहीत. रेचा सुरू केलात आणि म्हणालात, "ऐक." आसाला तेल कमी पडलं होतं, एवढंच. "कान बराबर हाय तुजा, अर्थ चुकला. खडा कसा बोलतो ते उद्या दावतो." दुसऱ्या दिवशी बंद रेच्यात खडा ठेवून, हातानं फिरवून तुम्ही मला तो ऐकवलात. त्या आधी मी नुसती कामावर होते. त्या दिवशी मी कामाची झाले.

निजाम गेला, पुढं तुम्हीही गेलात. मी त्याच जिनिंगात मुकादम झाले. बाई आणि मुकादम! लोक मुद्दाम बघायला यायचे. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे, त्यात लाजायचं काय?

हे पत्र टाकायला ठिकाण नाही, म्हणून घरातच राहील. सुना म्हणतात, सासूबाईंचा ठसका जन्मजात आहे. मी नाही म्हणत नाही. तो तुमच्याकडून आलाय, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.