गिरकीच्या मधेच नमस्कार

लीड्स

ती. आई,
लांबूनच पाया पडते.

नाचाच्या क्लासच्या शनिवारच्या कार्यक्रमात आम्ही दोघं नाचणार, हे शिकवणाऱ्या बाईंनी काल पक्कं सांगितलं. जोडीनं हात धरून गिरक्या घ्यायच्या असतात.

अडचण माझीच आहे. ह्यांना माझा पाय लागला की मी वाकून नमस्कार करते, अन् मागची जोडी येऊन धडकते. हे म्हणाले, "दिवाळीला बी इतकी पाया पडत न्हाईस. ऊठ जल्दी, लोकं पाहून राह्यले."

नोकरी सुटल्यापासून ह्यांचं एवढंच बोलणं. घरी खिडकीशी बसून असतात. माझा हात धरतात तो क्लासातच. जेवण मात्र बराबर आहे, काळजी करू नको.

बापूंचा गुडघा कसा आहे? परतूरला कापूस नेला का?

शनिवारी क्लास संपतो. पुढच्या क्लासला येणार का, ते नाच झाल्यावर हे सांगणार आहेत.

तुझी,
दैवशाला